सकाळची कटती, दुपारची कटती : एका सर्व्हरलेस पाइपलाइनचं प्रकरण

एकाच केळीच्या बागेतल्या दोन गाड्या. पहिली सकाळी साडेआठला भरली, दुसरी साडेअकराला. भाव तोच, व्यापारी तोच, कापणीची टोळीही तीच. पहिल्या गाडीच्या पट्टीवर (शेतकऱ्याच्या हिशेबाच्या पावतीवर) कटती, म्हणजे वजनातून कापली जाणारी वजावट, क्विंटलमागे दीड किलो, दुसरीच्या पट्टीवर दोन किलो. संध्याकाळी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बागायतदार आप्पांनी आम्हाला फोन लावला, "भो, हे काय करी राह्यले तुम्ही? सकाळी एक हिशेब अन् दुपारी दुसरा?"

दुसऱ्या गाडीत आप्पांचा माल होता चाळीस क्विंटल. क्विंटलला अर्धा किलो म्हणजे वीस किलो. त्या दिवशीच्या दीड हजाराच्या भावानं तीनशे रुपये. रक्कम फार नाही. पण रावेर-यावलकडे केळीचा व्यवहार ज्यानं पाहिलाय त्याला ठाऊक आहे, भाव कमी मिळाला तर माणूस बाजाराला शिव्या देतो, कटती जास्त लागली तर समोरच्याला देतो. आमचं सॉफ्टवेअर लोकांनी घेतलं होतं तेच मुळी या वादापायी. आता वाद आमच्याच अंगणात आला.

आमचा पहिला समज असा की हिशेबाच्या कोडमध्ये काहीतरी गफलत असणार. कोड बरोबर होता. तेव्हा चुकलं कुठे, ते सविस्तर लिहून ठेवतो.

काम काय होतं

आम्ही तिघं जळगावात बसतो, चौथा भागीदार बागांमध्ये फिरतो. काट्यावरचं वजन मुकादम फोनमध्ये टाकतो. ते एपीआय गेटवेमार्फत (विनंत्या आत घेणारं दार) एका लॅम्डा फंक्शनकडे (हाक आली की चालणारा कोडचा तुकडा) जातं, ते भाव आणि कटती लावून हिशेब करतं, डायनॅमोडीबी या डेटाबेसमध्ये नोंद ठेवतं. दुसरं फंक्शन त्याची मराठी पीडीएफ पट्टी बनवतं आणि शेतकऱ्याच्या फोनवर दुवा जातो. सगळी मिळून पाच फंक्शन्स, एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमध्ये.

सर्व्हरलेस (स्वतःचा सर्व्हर न ठेवता, वापरापुरतं चालवणं) का, याचं उत्तर केळीच्या कापणीतच आहे. पहाटे पाचपासून दुपारपर्यंत झुंबड, रात्री शुकशुकाट. चोवीस तास सर्व्हर तापत ठेवण्यात अर्थ नव्हता. लॅम्डाचे महिन्याला १० लाख कॉल आणि ४ लाख जीबी-सेकंद (मेमरी गुणिले वेळ) मोफत असतात. आमचा पसारा त्यात आरामात मावतो.

सुरुवातीला डिप्लॉयमेंट, म्हणजे नवा कोड चढवणं, लॅपटॉपवरून व्हायचं. फोल्डर झिप करायचं आणि चढवायचं. थेट चढवायच्या झिपला ५० एमबीची मर्यादा आहे आणि आमची त्याच्या जेमतेम खाली होती. मे महिन्यात जळगावात पारा पंचेचाळिशीच्या घरात असतो. दुपारी लाइट जाते, तिच्यामागे वायफाय जातं, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती झिप ऐंशी टक्क्यांवर जाऊन बसते. पाइपलाइनकडे, म्हणजे कोड तपासून आपोआप चढवणाऱ्या साखळीकडे, आम्ही वळलो ते कुठल्या तत्त्वासाठी नव्हे, या त्रासासाठी. गिटहबवर (जिथे आमचा कोड असतो) अ‍ॅक्शन्स ही आपोआप कामं करणारी सोय लावल्यावर आमच्याकडून फक्त बदललेल्या चार ओळी जायच्या. बांधणी आणि जड अपलोड गिटहबचं यंत्र आणि एडब्ल्यूएस आपसात बघून घेत. लाइट गेली तरी डिप्लॉयमेंट पुरं व्हायचं. खान्देशात बसून हे काम करणाऱ्याला पाइपलाइनचा हा फायदा पुस्तकी फायद्यांच्या कितीतरी आधी कळतो.

एक निर्णय मात्र माझा होता आणि तो चुकीचा होता. कटती मी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंगमध्ये) ठेवली. कोडमध्ये आकडा कोंबू नये एवढं शहाणपण होतं, पण व्हेरिएबलची किंमत वर्कफ्लोच्या फाइलमध्ये (पाइपलाइनच्या पायऱ्या जिथे लिहितात) लिहिली : दोन. पहिल्या हंगामात कटती सगळीकडे दोनच होती, त्यामुळे खटकलं नाही.

त्या दिवशी घडलं ते

पहाटे बागेत व्यापारी आणि बागायतदारांची बोलणी झाली. माल भरीव होता, कटती दीडवर ठरली. भागीदाराकडे लॅपटॉपच्या जमान्यापासूनचं कन्सोलचं (एडब्ल्यूएसच्या वेबपानाचं) लॉगिन होतंच. त्यानं फोनवर एडब्ल्यूएस उघडलं, फंक्शनच्या कॉन्फिगरेशनमध्ये दोनाचं दीड केलं, सेव्ह केलं. लगेच लागू झालं. ग्रुपवर त्यानं टाकलं, "कटती दीड केली." आम्ही तिघांनी अंगठे दिले. कशी केली, हे एकानंही विचारलं नाही.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या धाकट्या सहकाऱ्यानं पट्टीच्या माथ्यावरचा एक फोन नंबर बदलला. याहून निरुपद्रवी बदल शोधून सापडायचा नाही. टेस्ट पास, सगळ्या पायऱ्या हिरव्या, सहा मिनिटांत काम फत्ते. दहा सेहेचाळीसला कटती परत दोन झाली.

कशी, तर आमच्या पाइपलाइनच्या शेवटच्या दोन पायऱ्या अशा होत्या : आधी फंक्शनचा कोड बदल, मग त्याचं कॉन्फिगरेशन लाव. या दुसऱ्या आज्ञेचा स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिला व्हेरिएबल्सचा जो संच द्याल तोच पुढे अख्खा संच होतो. आधी काय होतं त्यात ती मिसळत नाही. फाइलमध्ये दोन होतं, तिनं दोन लावलं. गंमत म्हणजे याच पायरीवर आम्ही पूर्वी अर्धा दिवस घालवला होता. कोडचा बदल पुरा व्हायच्या आत कॉन्फिगरेशनची आज्ञा गेली की लॅम्डा ती 'आधीचं काम चालू आहे' म्हणून परतवतं. मधे थांबण्याची आज्ञा टाकून ते आम्ही सोडवलं आणि पाइपलाइन आता पक्की झाली असं एकमेकांना सांगितलं. पक्की झालीच होती. जुना आकडा ती आता न चुकता लावत होती.

शोध घेताना आणखी एक फजिती झाली. क्लाउडट्रेल या एडब्ल्यूएसच्या नोंदवहीत गेल्या ९० दिवसांच्या हालचाली पाहता येतात. तिथे दोन नोंदी सापडल्या, एक ००.०२ ची आणि एक ०५.१६ ची. पहिली पाहून धाकटा दचकला, "मध्यरात्री कोण घुसलं?" दुसरी आम्हाला भागीदाराची पहाटेची वाटली. दोन्ही वेळा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) होत्या. साडेपाच तास मिळवा : पहिली पहाटे पाच बत्तीसची, भागीदाराची, दुसरी दहा सेहेचाळीसची, पाइपलाइनची. आणि दोन्ही नोंदींवर नाव एकच, कारण तेच एक खातं आम्ही चौघं वापरत होतो आणि त्याचीच की (प्रवेशाची गुप्त किल्ली) गिटहबच्या सीक्रेट्समध्ये होती. नुसत्या नावावरून माणूस कोणता आणि यंत्र कोणतं, हे सांगणं अशक्य होतं. ती की कधीकाळी व्हॉट्सअ‍ॅपवरूनही फिरली होती, हेही इथेच कबूल करतो.

दुपारपासून संध्याकाळपर्यंत सदतीस पट्ट्या चुकीच्या निघाल्या होत्या. त्या रात्रीतून दुरुस्त करून पाठवल्या. फरक व्यापाऱ्यानं बिनतक्रार दिला, चहापाणी आमच्याकडून.

कुठलं दार आधी बंद करायचं

रात्रीच्या बैठकीत पहिली सूचना सहज आली : भागीदाराचं कन्सोल बंद करा, बदल फक्त पाइपलाइनमधून. मी अडवलं. समजा बंद केलं. पुढच्या पहाटे साडेपाचला कटती बदलली तर तो काय करणार? आमच्यापैकी एकाला झोपेतून उठवणार, आम्ही फाइल बदलणार, पाइपलाइन चालणार, तोवर भरलेली गाडी उभी. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा तो लॉगिन परत मागेल आणि आपण मुकाट्यानं देऊ. माणसाचं दार अडवायचं तर त्याला दुसरं द्यावं लागतं.

खरी गोष्ट अशी की कटती हा कोड नव्हेच. ती बाजारात ठरते, पहाटे ठरते, बागेगणिक बदलू शकते. तिचा रस्ता पाइपलाइनमधून काढणं हीच मूळ चूक. म्हणून आधी तिला डायनॅमोडीबीतल्या एका तक्त्यात हलवलं : बाग, कटती, कोणत्या वेळेपासून लागू, कुणी टाकली. जुनी नोंद खोडायची नाही, नवी जोडायची. भागीदाराला फोनवर एक साधा पडदा दिला. आणि हिशेब करताना जी कटती लागली ती पट्टीच्या नोंदीतच साठवायला लागलो, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर त्या वेळी काय लागू होतं हे तक्त्यात उकरत बसायला नको.

हे चार दिवस चालवून पाहिलं आणि मगच कन्सोल फक्त पाहण्यापुरतं ठेवलं. भागीदारानं तक्रार केली नाही, कारण त्याला तिथे जायचं कारणच उरलं नव्हतं.

उरला कोड. त्याच्यासाठी उपनाव (एखाद्या आवृत्तीकडे बोट दाखवणारं नाव) आणि आवृत्त्या वापरल्या, ज्या पहिल्या दिवसापासून वापरायला हव्या होत्या. लॅम्डामध्ये फंक्शनची आवृत्ती प्रसिद्ध केली की तिचा कोड आणि तिचे व्हेरिएबल्स दोन्ही गोठतात. पाइपलाइन आता नवी आवृत्ती प्रसिद्ध करते, तिच्यावर एक खोटी पट्टी काढून बघते आणि मग 'लाइव्ह' हे उपनाव तिच्याकडे वळवते. गेटवे त्या उपनावालाच विचारतं. उद्या कुणी कन्सोलमध्ये शिरून बदल केलाच, तर तो फंक्शनच्या चालू मसुद्यात होईल. लाइव्ह आवृत्तीला त्याचा वाराही लागणार नाही. माघार घ्यायची तर उपनाव मागच्या आवृत्तीकडे वळवायचं, पुन्हा बांधणी नाही, काही सेकंदांचं काम.

इथे एक खड्डा आहे. गेटवेला फंक्शनला हाक मारायची परवानगी आधी होती, ती नुसत्या फंक्शनवर. उपनावाला ती आपोआप मिळत नाही, वेगळी द्यावी लागते. आम्ही दिली नाही आणि रात्री अकरा वाजता सगळ्या विनंत्यांना ५०० चं (सर्व्हरकडची चूक) उत्तर येऊ लागलं. फंक्शनच्या लॉगमध्ये काहीच नाही, कारण विनंती तिथपर्यंत पोचतच नव्हती. लॉग कोरा दिसला की फंक्शनचं अंगण सोडून दारात बघावं, हे त्या रात्री पाठ झालं.

कीच्या जागी ओआयडीसी आणली. २०२१ पासून गिटहब अ‍ॅक्शन्सला एडब्ल्यूएसशी असा करार करता येतो : प्रत्येक वेळी गिटहब एक ओळखपत्र देतं, एडब्ल्यूएस ते तपासून थोड्या वेळापुरती परवानगी देतं, साठवलेली की कुठेच राहत नाही. ओळखपत्रावर लिहिलेलं असतं की हा अमुक रिपॉझिटरीच्या (कोडच्या संग्रहाच्या) अमुक शाखेतून आलाय, आणि एडब्ल्यूएसच्या बाजूला आपण ती अट लिहून ठेवायची. आमचं पहिल्या फटक्यात चाललं. मग आम्ही वर्कफ्लोला गिटहबचं 'प्रॉडक्शन' हे एन्व्हायर्नमेंट जोडलं, एकानं मंजुरी दिल्याशिवाय पुढे जाऊ नये म्हणून, आणि परवानगी नाकारली जाऊ लागली. अर्धी संध्याकाळ गेली. जॉबला एन्व्हायर्नमेंट जोडलं की ओळखपत्रावरचा मजकूरच बदलतो. शाखेच्या जागी एन्व्हायर्नमेंटचं नाव येतं. अटीत शाखा, पत्रावर एन्व्हायर्नमेंट, जुळणार कसं? थकून अशा वेळी अटीत सगळ्याला चालेल असं तारांकन टाकायचा मोह होतो. ते टाकलं तर आपल्या खात्यातली कुठलीही रिपॉझिटरी, कुठलीही शाखा डिप्लॉय करू शकते, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कीपेक्षा बरं, पण फार बरं नाही.

दुसरं मागचं दार

हे सगळं आवरताना कळलं की पट्टी बनवणारं फंक्शन पाइपलाइनमधून जातच नव्हतं.

त्यात पीडीएफ काढायला आख्खा क्रोमियम ब्राउझर आहे. मराठी अक्षरं जोडून नीट मांडणं साध्या पीडीएफ लायब्ररीला जमेलच असं नाही. 'क्विंटल'मधली वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं सुटी पडतात. ब्राउझरला ते येतं. पण लॅम्डाला झिप उघडल्यावर २५० एमबीची मर्यादा, म्हणून हे एक फंक्शन कंटेनर इमेजच्या (कोड आणि त्याला लागणारं सगळं एका गाठोड्यात) रूपात ठेवलं होतं. इमेजला १० जीबीपर्यंत मुभा आहे. गिटहबवर ती इमेज बांधली तेव्हा पट्टीवर अक्षरांऐवजी नुसते चौकोन आले. कारण फॉन्टचं फोल्डर गिटमध्ये नव्हतंच, एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर होतं. तेव्हा त्यानं 'तात्पुरतं' म्हणून इमेज लॅपटॉपवर बांधून चढवायला सुरुवात केली आणि आठ महिने तेच चाललं. आपल्याकडे तात्पुरत्याइतकं टिकाऊ काही नसतं.

मग त्यानं नवा मॅकबुक घेतला. त्याचा प्रोसेसर आर्म जातीचा, आमचं फंक्शन एक्स८६ या दुसऱ्या जातीवर. नव्या लॅपटॉपवर बांधलेली इमेज लॅम्डाला चालवताच येईना. सुदैवानं हे टेस्टच्या खात्यात झालं.

नोटो सान्स देवनागरी हा खुल्या परवान्याचा फॉन्ट सरळ रिपॉझिटरीत टाकला, इमेज गिटहबवर आणि एक्स८६ साठीच बांधायची असं ठरवलं. तरी लॅम्डानं इमेज नाकारली. डॉकर या इमेज बांधणाऱ्या साधनाची नवी बांधणी इमेजसोबत ती कशी बनली याचा दाखला जोडते आणि त्या प्रकारचा मॅनिफेस्ट (इमेजमध्ये काय आहे याची यादी) लॅम्डाला चालत नाही. दाखला बंद केला तेव्हा घेतली. आता एकदा बांधलेली इमेज तिच्या डायजेस्टसह (ती तीच आहे हे ओळखायच्या ठशासह) टेस्टच्या खात्यात जाते आणि तीच पुढे लाइव्हला. मधे परत बांधणी होत नाही.

टेस्टमध्ये एक पायरी वाढवली, आणि या प्रकरणातली माझी सगळ्यात आवडती तीच. पाइपलाइन एक नमुना पट्टी काढते. पीडीएफमधला मजकूर वाचून तपासण्यात अर्थ नाही. कागदावर चौकोन असले तरी आत मजकूर बरोबर असू शकतो. म्हणून ती पीडीएफमध्ये कोणकोणते फॉन्ट बसलेत त्याची यादी काढते, नोटो नसेल तर तिथेच थांबते. मग 'क्विंटल', 'शेतकऱ्याचे', 'एकूण रक्कम' या तीन ठिकाणांचं चित्र जुन्या बरोबर चित्राशी ताडून बघते. 'ऱ्या'साठी मुद्दाम 'शेतकऱ्याचे' घेतला. सगळं धरून पाइपलाइन सहा मिनिटांची अकरा मिनिटांची झाली. धाकटा कुरकुरतो. कुरकुरू दे.

जे केलं नाही

लॅम्डाच्या उपनावाला दोन आवृत्त्यांत वाटणी करता येते : शंभरातल्या दहा विनंत्या नव्या आवृत्तीला, नव्वद जुनीला. बिघाड कमी लोकांपुरता राहावा म्हणून ही पद्धत चांगली मानतात, आणि वेबसाइटच्या बटणाचा रंग बदलायचा असेल तर असेलही. हिशेबाच्या फंक्शनला आम्ही ती लावली नाही. एकाच गाडीत माल भरलेल्या दहा शेतकऱ्यांपैकी एकाची पट्टी नव्या नियमानं आणि नऊ जणांच्या जुन्या नियमानं निघाली, तर पारावर त्या दहा पट्ट्या एकत्र यायला तास लागत नाही. आप्पांना जे दोन गाड्यांत दिसलं ते आम्ही मुद्दाम एका गाडीत करून दाखवणार होतो काय?

त्याऐवजी वेळ पाळली. पहाटे चार ते सकाळी अकरा लाइव्हला हात लावायचा नाही. वर्कफ्लोची पहिली पायरीच घड्याळ बघते. पहिल्याच दिवशी धाकट्यानं विचारलं, "दादा, दुपारी दोनला का अडवतंय?" गिटहबचं यंत्रही यूटीसीवरच चालतं. आमची बंदी सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेचार अशी लागली होती, आणि ऐन कापणीच्या पहाटे दार सताड उघडं. क्लाउडट्रेलनं दिलेली शिकवणी महिनाभरही टिकली नव्हती. आता त्या पायरीत 'एशिया/कोलकाता' स्पष्ट लिहिलंय.

पट्टीवर एक ओळ नवी आली आहे, वजनाच्या खाली : 'कटती १.५ किलो, पहाटे ५.२० पासून लागू.' मागच्या आठवड्यात आप्पांच्या ओट्यावर बसलो होतो. त्यांनी फोन लांब धरला, भाव ओलांडून खाली आले, ती ओळ बोटानं धरून वाचली, मग दुसरी पट्टी उघडली आणि त्यातलीही तीच ओळ वाचली. मग चहा सांगितला.